साडेबाराच्या खालच्यांचं काय?

गणेशोत्सवाचं असो, शिवजयंतीचं असो की ३१ मेच्या अहिल्याजयंतीचं, रक्तदान शिबिर आटोपलं की मंडळाच्या फलकावर एक आकडा चढतो. इतक्या बॅगा झाल्या. गेल्या वर्षीपेक्षा दहा जास्त असल्या तर पेढे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, इंदुरातल्या कुठल्याही मराठी वस्तीत हे असंच चालतं. पण त्याच दिवशी हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून दारातल्या टेबलावरूनच जे परत गेले, त्यांचा आकडा कुठेच लिहिलेला नसतो. त्यांत बायका जास्त असतात. बोटाला सुई टोचायची, 'काकू, ब्लड कमी आहे तुमचं, बीट खा' असं अर्ध्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं, झालं काम. काकू ओशाळतात आणि आलोच आहोत तर म्हणून बिस्किटं वाटायला उभ्या राहतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला शिबिराने परत पाठवलं, त्याच्या रक्ताचं पुढे काय झालं हे बघणं शिबिराचंच काम आहे. बॅग देणारा माणूस बहुधा धडधाकट असतो, त्याला आपण प्रमाणपत्र देतो. ज्याच्यात काहीतरी बिघाड सापडला, त्याला भाजीचं नाव सांगून घरी पाठवतो. हा उलटा व्यवहार आहे.

आधी नियम पाहू. आपल्याकडे रक्त द्यायला हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटरला किमान १२.५ ग्रॅम लागतं. वजन किमान ४५ किलो. ३५० मिलिलिटरची बॅग घेतात, वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५० ची घेता येते. दोन रक्तदानांत पुरुषाने ९० दिवसांचं आणि बाईने १२० दिवसांचं अंतर ठेवायचं. रक्तक्षयाची जागतिक आरोग्य संघटनेची रेघ मात्र वेगळी आहे: गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली, गरोदर बाईला ११ च्या खाली, पुरुषाला १३ च्या खाली. म्हणजे १२.३ असलेली बाई आजारी नाही, फक्त रक्त देऊ शकत नाही. आणि ७.८ असलेली बाई चांगलीच आजारी आहे. शिबिराच्या टेबलावर दोघींना उत्तर एकच मिळतं.

असं का होतं, ते समजायला टेबलावरची निळी बरणी जरा जवळून पाहावी लागेल. तिच्यात मोरचुदाचं पाणी असतं, विशिष्ट घनता १.०५३ ठेवलेलं. डाव्या हाताची अनामिका स्पिरिटने पुसायची, स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि पुढचा बारीक नळीत घेऊन पाण्याच्या पृष्ठभागापासून साधारण एक सेंटिमीटर वरून सोडायचा. थेंब पंधरा सेकंदांत तळाशी गेला तर रक्त त्या पाण्याहून जड, म्हणजे साडेबारा किंवा त्याहून जास्त. तरंगला, घुटमळला, तर नापास. स्वस्त आणि बऱ्यापैकी भरवशाची युक्ती आहे, पण ती फक्त हो किंवा नाही सांगते. आकडा सांगत नाही.

तीही बिघडते, आणि कशी बिघडते ते ठरलेलं आहे. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं की रक्ताबरोबर मांसातलं पाणीही येतं, थेंब हलका होतो आणि बरी बाई नापास होते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तरी तेच. तीस मिलिलिटर पाण्यात पंचवीसेक थेंब झाले की ते बदलायचं असतं. रांग मोठी असली की हे विसरलं जातं. उन्हात मांडव, बरणी उघडी, पाणी उडून द्रावण दाट झालं, तरी थेंब तरंगतात. उलट कुणाच्या रक्तात प्रथिनं फार वाढलेली असतील तर हिमोग्लोबिन कमी असूनही थेंब बुडतो. एवढ्या गोष्टी मध्ये असताना निकाल तोंडी सांगून माणसाला वाटेला लावणं बरोबर नाही. नापास झालेल्याची निदान हिमोग्लोबिन मोजणाऱ्या मीटरवर पुन्हा तपासणी व्हावी आणि आकडा चिठ्ठीवर लिहून हातात मिळावा. यंत्र छोटं असतं, मिनिटभराचं काम असतं.

आता मुळात रक्त कमी होतं म्हणजे काय होतं? रक्ताचं प्रमाण सहसा कमी होत नाही. पंचावन्न किलोच्या बाईच्या अंगात साडेतीन लिटरच्या आसपास रक्त असतं, आणि रक्तक्षयातही पातळ भाग वाढून ते तेवढंच राखलं जातं. कमी होतं ते तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन, आणि बहुतेक वेळा त्याला लागणारं लोह. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, प्रत्येकात लोहाचे चार अणू; फुप्फुसातून उचललेला प्राणवायू त्या लोहावर बसून पायाच्या पोटरीपर्यंत जातो. पेशी साधारण १२० दिवस जगते. अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांच्या वर नव्या पेशी तयार करते आणि त्यासाठी तिला रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह लागतं. ते जवळजवळ सगळं मेलेल्या पेशींतून परत काढलं जातं. जुनी नथ मोडून नवी घडवावी, तसा हा कारभार. सराफ्यात कुणालाही विचारा, अशा घडवणुकीत घट किती धरायची यावरच सगळं असतं.

घट इथेही आहे. अन्नातून शरीर रोज फक्त एक-दोन मिलिग्रॅम लोह आत घेऊ शकतं. बाईची महिन्याची पाळी साधारण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त नेते, म्हणजे महिन्याला पंधराएक मिलिग्रॅम लोह, रोजचं अर्धा मिलिग्रॅम जादा. पाळीत ऐंशी मिलिलिटरच्या वर गेलं तर ही गळती दुपटीहून अधिक. समजा जमाखर्चात रोज अर्ध्या मिलिग्रॅमची तूट आहे. वर्षाला १८० मिलिग्रॅम झाले. बाईच्या साठ्यात सुरुवातीला तीनशे मिलिग्रॅम असतील तर दोन वर्षांच्या आत तिजोरी रिकामी. यात कुठला अपघात नाही, कुठला रोग नाही, फक्त हिशेब आहे. आणि हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी उतरतं. आधी साठा संपतो, मग रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह घटतं, मग पेशी लहान आणि फिकट निघायला लागतात. म्हणून १२.६ वर पास झालेल्या बाईचाही साठा तळाला गेलेला असू शकतो. तिच्याकडून ३५० मिलिलिटर घेतलं की दीडशे मिलिग्रॅम लोह गेलं. तिला प्रमाणपत्राबरोबर लोहाच्या गोळ्या देण्याचा विचार किती मंडळांनी केलाय?

'पण मला काहीच होत नाही हो' हे परत गेलेल्या बाईचं ठरलेलं वाक्य. ते खोटं नसतं. रक्तक्षय सावकाश आला की शरीर जुळवून घेतं: हृदय दर मिनिटाला जास्त रक्त ढकलतं, तांबड्या पेशी प्राणवायू पेशीजालाला सैल हाताने देऊ लागतात. आठ हिमोग्लोबिनवर घर, नोकरी, सासूबाईंचं पथ्य आणि गौरींचा सगळा स्वयंपाक उरकणाऱ्या बायका असतात. जिना चढताना धाप लागते, ती वयावर जाते. केस गळतात, ते बोअरच्या पाण्यावर जातं. रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत, ते दिवसभर उभं राहण्यावर. एक खूण मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही: कच्चे तांदूळ चघळणं, खडू किंवा माती खावीशी वाटणं, बर्फ कडाकडा फोडून खाणं. घरात याची थट्टा होते. तांदळाच्या डब्यात सारखा हात जाणारी सून दिसली तर थट्टा बाजूला ठेवून तिची रक्ततपासणी करून घ्यावी.

राहिलं बीट. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं, ही समजूत रंगावर उभी आहे. तो रंग बीटलेनचा, त्याचा हिमोग्लोबिनशी काही संबंध नाही. शंभर ग्रॅम बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. पालकात थोडं जास्त आहे, पण शरीराला त्यातलं फार थोडं मिळतं. वनस्पतींतलं लोह तसंही हट्टी असतं, पाच-दहा टक्केच आत शिरतं. किती शिरणार हे ताटात शेजारी काय आहे त्यावर ठरतं, आणि इथे इंदूरकरांची गंमत आहे. आपले पोहे खरं तर चांगला नाश्ता. तांदळापेक्षा पोह्यांत लोह जास्त, वर लिंबू पिळलेलं, आणि लिंबातलं क जीवनसत्त्व लोह आत घ्यायला मदत करतं. शेव आणि जिरावणालाही माझी हरकत नाही. जलेबीवर बोलून भांडण कशाला ओढवून घ्या. बिघडवतो तो लगेच मागवलेला कट चहा. चहातले कषाय पदार्थ लोहाला धरून ठेवतात आणि त्याच जेवणातलं निम्म्याहून जास्त लोह वाया जाऊ शकतं. तोच चहा तासा-दीड तासाने घेतला तर नुकसान बरंच कमी. लोखंडी कढईत आंबटसर आमटी, बिडाच्या तव्यावर भाकरी, भिजवून मोड आणलेली कडधान्यं, जेवणात लिंबू किंवा आवळा, हे सगळं उपयोगी आहे. पण हे साठा टिकवायला. नऊ हिमोग्लोबिनवरून जेवणाच्या जोरावर तेरावर जायचं म्हटलं तर वर्ष जाईल, आणि मध्ये बारा पाळ्या येतील.

त्यासाठी गोळीच लागते. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती आंगणवाडीत आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. बायका चार दिवस घेतात आणि सोडतात, कारण मळमळतं, पोट धरतं, शौचाला काळं होतं आणि कुणी सांगितलेलंच नसतं की काळं होणं हे साहजिक आहे. दुसरी चूक उलट टोकाची: लवकर भरून यावं म्हणून दिवसाला दोन-तीन गोळ्या. लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते आतड्याचं दार सुमारे दिवसभर ओढून घेतं. दुसरी गोळी त्या बंद दारावर जाऊन आपटते आणि पोट बिघडवून बाहेर पडते. म्हणून गरोदर नसलेल्या बाईला दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड गोळी पुष्कळदा पुरते, त्रासही कमी होतो. गरोदर बाईने मात्र रोजचीच घ्यायची. गोळी शक्यतो रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांपासून दोन तास लांब. ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांच्या अंगात लोह कमी शिरतं, म्हणून ती चालू असल्याचं डॉक्टरला सांगावं. महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एकाने वर सरकायला हवं. सरकलं नाही तर एक तर गोळी घेतली जात नाहीये, किंवा गळती चालू आहे, किंवा मुळात दुखणं लोहाचं नाहीच.

या तिसऱ्या शक्यतेसाठीच मी शिबिरात सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या पूर्ण मोजणीचा, आग्रह धरतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त, बाजारात दोन-तीनशे रुपयांची तपासणी. समजा दोन बायकांचं हिमोग्लोबिन अगदी सारखं आहे, १०.८. एकीच्या पेशींचा सरासरी आकार ७४ आणि पेशींची संख्या ४७ लाख. दुसरीचा आकार ६२ आणि संख्या ५६ लाख. अहवालात हे ७४ आणि ४.७, ६२ आणि ५.६ असं छापलेलं असतं. आकाराला संख्येने भागा. पहिलीचं उत्तर पंधराच्या वर येतं, दुसरीचं अकरा. तेराच्या वर असेल तर संशय लोहाच्या कमतरतेचा, खाली असेल तर थॅलेसीमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका आनुवंशिक दोषाची वाहक असण्याचा. ही भागाकाराची युक्ती निदान करत नाही, दिशा दाखवते. खात्रीसाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी एचपीएलसी तपासणी करून ए-टू हिमोग्लोबिन वाढलंय का ते बघावं लागतं, आणि लोह फार कमी असेल तर तो आकडा फसवा कमी येऊ शकतो.

थॅलेसीमिया मायनर असलेल्या मुलीला स्वतःला काही होत नाही. तिला वर्षानुवर्षं लोह चारलं जातं, हिमोग्लोबिन हलत नाही, सगळे तिच्याच खाण्यापिण्याला बोल लावतात. आणि तिचं लग्न दुसऱ्या मायनरशी झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजर, म्हणजे गंभीर थॅलेसीमिया असलेल्या मुलाची. त्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, प्रत्येक बॅगेबरोबर दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम लोह त्याच्या अंगात साठतं आणि ते बाहेर काढायला शरीराकडे वाटच नाही, म्हणून आयुष्यभर लोह काढणारी औषधं. सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांत हे वाहक जास्त, पण मराठी घरं यातून सुटलेली नाहीत, आणि इंदुरात मराठी-सिंधी लग्नं काही नवलाची राहिली नाहीत. ज्या शिबिरात त्या मुलांसाठी बॅगा गोळा होतात, त्याच शिबिराच्या दारातून एखादी वाहक मुलगी बीट खाण्याचा सल्ला घेऊन परत जात असेल, तर आपण बादलीने पाणी उपसतोय आणि नळ उघडाच आहे. झाबुआ-अलीराजपूरकडच्या भिल्ल समाजात आढळणाऱ्या सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक रक्तदोषाचा वाहक मात्र सीबीसीत सापडत नाही. त्याची चाचणी वेगळी, आणि त्यासाठी १ जुलै २०२३ ला आपल्याच राज्यात शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झालेली आहे.

शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरताही असते. त्यात पेशी मोठ्या होतात, लोहाच्या कमतरतेत लहान, आणि दोन्ही एकत्र असलं की सरासरी आकार अगदी नॉर्मल दिसून चकवतो.

पुरुषांबद्दल दोन शब्द, कारण त्यांच्याबाबत चूक उलट्या दिशेने होते. १२.७ हिमोग्लोबिनचा पन्नाशीचा गृहस्थ आपल्या नियमाने पास होतो, रक्त देतो, फोटो काढतो. पण तेराच्या खालचा पुरुष हा रक्तक्षयाचा रुग्ण आहे. त्याला पाळी नाही, बाळंतपण नाही, मग लोह जातंय कुठून? मूळव्याध असेल, गुडघ्यासाठी मनानेच घेतलेल्या वेदनाशामकांनी झालेला जठराचा व्रण असेल, क्वचित मोठ्या आतड्यातला कर्करोगही. याला शोधायचं सोडून आपण त्याच्याकडून आणखी ३५० मिलिलिटर घेतो.

काही जण म्हणतात, बायकांसाठी रेघ बारावर आणा, म्हणजे कुणी परत जाणार नाही. मला हे पटत नाही. बारावरच्या बाईचा साठा बहुधा संपत आलेला असतो, आणि रुग्णालाही त्या बॅगेतून हिमोग्लोबिन कमी मिळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या, मध्य प्रदेशात ५४.७ टक्के. देशातले पुरुष २५ टक्के. बोटाच्या थेंबावरच्या या मोजणीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, ते असोत. निम्म्या बायका रेघेखाली असताना रेघच खाली ओढणं हा उपाय कसा?

रक्तपेढीचा आक्षेप जास्त खरा आहे: मनुष्यबळ नाही, आम्ही रक्त गोळा करायला आलोत, दवाखाना चालवायला नाही. मान्य. म्हणून हे काम मंडळाने करावं. वस्तीत एखादा डॉक्टर असतोच, पॅथॉलॉजीवालाही असतो. मांडवात एका कोपऱ्यात, पडद्याआड, दुसरं टेबल. नापास झालेल्याचा आकडा मीटरवर, चिठ्ठीवर, हळू आवाजात. हवं असेल त्याची जांभळी नळी तिथल्या तिथे. तीन प्रश्न: पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, गाठी पडतात का, शौचातून रक्त जातं का. आठच्या खालच्या बाईला त्याच आठवड्यात डॉक्टरकडे नेणारं कुणीतरी सोबत. एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीची रांग धडधाकट बाईनेही एकटीने झेलू नये, आठवर असलेलीने तर अजिबात नाही. पैसे? टी-शर्ट आणि ट्रॉफ्या एक वर्ष कमी करा. तीस सीबीसींचे पैसे त्यात सुटतात.

आणि एक वही, नावं, फोन आणि आकडे असलेली, मंडळातल्या एकाच जबाबदार बाईच्या ताब्यात. कारण उपचाराचा वेळ सरळ पंचांगात बसतो. भाद्रपदात परत गेलेल्या बाईचा पहिला फोन आश्विनात करायचा: गोळी चालू आहे का, एकाने वर गेलं का. मार्गशीर्षापर्यंत हिमोग्लोबिन जागेवर येतं आणि नेमकं तिथेच सगळ्या जणी गोळी सोडतात. साठा भरायला त्यापुढे आणखी तीन महिने लागतात, म्हणजे फाल्गुनापर्यंत. ३१ मेच्या शिबिराला तिला पुन्हा बोलवता येईल. फक्त विसर्जनानंतर मखर गुंडाळताना ती वही त्याच्याबरोबर माळ्यावर जाऊ नये.